एकच चेंडू, दोन पंच, दोन स्पॉट: कडेला उभं नक्की कसं राहायचं?

खड्डापंच

नमस्कार मंडळी. नावावरून गैरसमज नको, रस्त्यावरच्या खड्ड्यांशी माझा संबंध स्कूटरपुरता. मी 22 वर्षं शालेय मैदानी स्पर्धांत लांब उडीच्या खड्ड्याशी पंच म्हणून उभा राहिलोय, बरेचदा सणस मैदानावर. फळीपासून वाळूतल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत टेप धरायची, आकडा खणखणीत सांगायचा, वाळू सारखी करून घ्यायची. पोरगं पडताना मागे हात टेकला तर खूण हाताची धरायची, टाचेची नाही. या एका नियमापायी पालकांचं जे ऐकून घेतलंय, त्याची एक वही भरली असती.

निवृत्तीनंतर पुतणीने नव्या फंदात पाडलं. ती बाणेरकडच्या एका संघातून फ्लॅग फुटबॉल खेळते. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण कुणाला पाडायचं नाही. पाच-पाच जण, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना फडकी, एक फडकं ओढलं की खेळ तिथेच थांबला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्यायचं ठरलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनात, हे ती मला दर आठवड्याला एकदा तरी ऐकवते. रविवारी सकाळी 7 वाजता सामने असतात आणि कडेच्या पंचांची कायम वानवा. "काका, तुम्हाला मोजायची सवय आहे, या," एवढ्या भांडवलावर मी सुरू झालो.

मैदान 70 यार्ड लांब, 25 रुंद, त्यात दोन्ही टोकांचे 10-10 यार्ड एंड झोनचे. संघ आपल्या 5 यार्डांवरून सुरू करतो. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, मध्यरेषा ओलांडायची, मग पुढच्या चारात टचडाउन, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये न्यायचा. प्रत्येक डाउन जिथे संपेल तिथे आम्ही खूण करायची, पुढचा तिथून सुरू. आमच्या स्पर्धेच्या पत्रकात लिहिलंय की फडकं निघालं त्या क्षणी चेंडूचं पुढचं टोक जिथे होतं तो स्पॉट. वाचायला सोपं आहे. पण लांब उडीत खूण वाळू सांभाळते, मला फक्त टेप धरायची असते. इथे वाळू नाही, आणि ज्यांनी खूण ठेवायची ते सगळे पळत असतात.

गेल्या रविवारी चौथा डाउन मध्यरेषेपाशी संपला. फडकं पडलं तिकडे मी कडेवरून थेट धावलो आणि मध्यरेषेच्या अलीकडे पाय रोवला. समोरच्या कडेचा पंच (वय 24, आयटीत आहे, मुलगा फार चांगला) पलीकडे पाय रोवून उभा. आमच्या दोघांत दीड यार्ड. मधल्या मुख्य पंचाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि चेंडू बरोबर मध्ये ठेवला. तो नेमका मध्यरेषेवर आला! मग रेषेवर म्हणजे ओलांडली की नाही, यावर दहा मिनिटं गेली. आयोजक म्हणाले, "तुम्ही लोक आपसात ठरवून येत जा." ते मला लागलं.

तर विचारायचं असं. पाय कुठला लावायचा? धावायचं कधी आणि कुठून? निघालेलं फडकं बघायचं, पडलेलं बघायचं, की चेंडू? आणि दोघांचं जुळलं नाही तर कोणाचं धरायचं?

---

शुक्रवाररात्र

काका म्हणतो, चालेल ना? मी ओहायोत 11 हंगाम शाळांच्या सामन्यांत पंच होतो. तिकडे शाळेचे सामने शुक्रवारी रात्री असतात, म्हणून हे नाव. दिवसभर गिअरबॉक्सची ड्रॉइंग, चार वाजले की पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट पिशवीत कोंबून पळायचं. आता कोथरूडला परत आलोय. शर्ट कपाटात आहे आणि बायको दर दिवाळीला विचारते, याचं फडकं करू का.

तिकडे आमचा पाच जणांचा ताफा असे. रेफरी चेंडूवाल्या संघाच्या मागे, अंपायर बचाव करणाऱ्यांच्या बाजूला मध्यात, बॅक जज खोलवर, आणि दोन कडांना हेड लाइन्समन आणि लाइन जज. मध्ये चेंडू ठेवणारा अंपायर सगळ्यांना दिसतो, पण तो ठेवतो कुठे, तर कडेवाल्याच्या पायासमोर. स्पॉटचं ओझं या कडेच्या दोघांवर. मी आधी लाइन जज होतो, मग हेड लाइन्समन.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. "फडकं पडलं तिकडे कडेवरून थेट धावलो" असं तुम्ही लिहिलंय. तिथेच गेलं.

कडेवरून तिरकं आत आलं की प्रत्येक पावलागणिक तुमची समोरची रेघ सरकते. आमचा म्हातारा रेफरी याला केळं म्हणायचा, कारण वरून बघितलं तर तुमच्या वाटेचा आकार तसा होतो. बरोबर पद्धत अशी: खेळ चालू असताना कडेकडेनेच पळायचं, चेंडूवाल्याच्या किंचित मागे राहून. तो थांबला की आत शिरायचं नाही. आधी कडेवरच त्या जागेच्या अगदी समोर यायचं, तिथे काटकोनात वळायचं आणि मग सरळ आत. दोन सरळ रेघा आणि मध्ये एक कोपरा, बस्स.

हिशेब करून बघा. तुमचं मैदान 25 यार्ड रुंद. चेंडू बरोबर मध्ये, दोन्ही कडांपासून साडेबारा यार्डांवर. तुम्ही कडेवर चेंडूच्या 1 यार्ड मागे उभे आहात. तुमच्या डोळ्यापासून चेंडूवरून जाणारी नजर समोरच्या कडेला जिथे टेकते, ती जागा चेंडूच्या 1 यार्ड पुढे असते. समोरचा मुलगा तिथे उभा असेल तर तुम्हाला तो चेंडूच्या रेषेत वाटतो, आणि त्याला तुम्ही. दोघांत 2 यार्डांचं अंतर आणि दोघंही मनापासून खरं बोलताय. तुमचे दीड यार्ड मला काहीच नवलाचे वाटले नाहीत.

पहिल्या हंगामात माझंही केळंच व्हायचं. एका शनिवारी सकाळी म्हाताऱ्याने मला रिकाम्या मैदानावर बोलावलं. नोव्हेंबर होता, गवतावर दंव गोठलेलं. त्याने मध्यात कुठेतरी एक नाणं टाकलं, मला कडेवरून ते एकदा बघू दिलं, मग वीस यार्ड लांब पाठवलं. तिथून कडेकडेने पळत यायचं, कोपरा करायचा, आत जायचं आणि खाली न बघता पाय टेकवायचा. पहिल्या दहा वेळा माझा पाय नाण्याच्या हातभर इकडे तिकडे. तासाभराने वीतभर. त्याने कौतुक केलं नाही. नाणं उचलून खिशात घातलं आणि म्हणाला, कॉफी तू पाजायचीस.

आता चेंडू. टॅकलच्या, म्हणजे पाडापाडीच्या, खेळात खेळाडूचा गुडघा जमिनीला लागला की खेळ मेला. पण गुडघा फक्त वेळ सांगतो, जागा चेंडू सांगतो. हे मला पाठ होतं. तरी तिसऱ्या हंगामात एक पोरगा चेंडू पुढच्या हातात लांब धरून पडला आणि मी त्याच्या गुडघ्यापाशी पाय लावला. फूटभराने फर्स्ट डाउन, म्हणजे 10 यार्ड पूर्ण केल्यावर मिळणारे नवे चार डाउन, हुकलं. त्यांचा कोच आरडाओरडा करणारा होता, पण त्या दिवशी माझ्या बाजूने चालत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू गुडघा मोजलास. फर्स्ट डाउन गुडघ्याला मिळत नाही." घरी येऊन मी जेवलो नाही. उलटंही होतं: चेंडू पोटाशी धरलेला आणि छाती पुढे. तिथे उदार होऊन छातीचा स्पॉट देऊ नका.

आणि धावणाऱ्याला पुढे जाऊन मग मागे ढकललं, तर चेंडू जास्तीत जास्त जिथपर्यंत गेला तिथला स्पॉट. त्याला फॉरवर्ड प्रोग्रेस म्हणतात. चार जण त्याला उचलून तीन यार्ड मागे नेतात, सगळं स्टेडियम त्या ढिगाऱ्याकडे बघत असतं, आणि तुम्ही एकटे एका रिकाम्या गवताच्या काडीकडे. वेड्यासारखं दिसतं, पण पगार त्याचाच होता.

फ्लॅगमध्ये ढिगारा नाही, पण खोटे साक्षीदार जास्त. ओढणारा फडकं हातात उंच धरतो आणि त्याच वेगात दोन-तीन पावलं पुढे किंवा मागे जाऊन थांबतो. चेंडूवाला तर थांबतच नाही, चार पावलं पुढे जाऊन भोळा चेहरा करून उभा राहतो. खाली पडलेलं फडकं वाऱ्यावर. म्हणून हात कमरेकडे जाताना दिसला की कंबर बघा, फडकं सुटलं त्या क्षणी नजर चेंडूवर, आणि त्या चेंडूखालची जमीन धरा. गवताचा झुपका, फक्कीचा डाग, काहीही. मग चेंडू कुठे का जाईना, बघूसुद्धा नका. पाय त्या झुपक्याला लागेपर्यंत नजर झुपक्यावर. पाय लागला की मान वर आणि खेळाडूंकडे बघा, कारण ढकलाढकली खेळ संपल्यावरच होते.

पाय कुठला, यावर तिकडेही वाद आहेत. आम्ही ज्या दिशेला चढाई चालू आहे त्या बाजूचा पाय पुढे टेकवायचो आणि त्याच्या टोकाशी चेंडूचं पुढचं टोक यायचं. कुठलाही ठरवा, पण मैदानात उतरण्याआधी तिघांनी मिळून ठरवा. चेंडू स्वतःच 11 इंच लांब असतो. एकाने टोकाचा पाय लावला आणि दुसऱ्याने मधल्या जाडीचा, तर अर्धा फूट तिथेच गेला. आणि पाय लावल्यावर नाचू नका. इंचभर सरकवलेला पाय शंभर लोकांना दिसतो.

कोणाचं धरायचं? चेंडू ज्याच्या अर्ध्या भागात त्याचा स्पॉट. दुसऱ्याने समोरून तीच जागा आरशासारखी धरायची आणि आत फार यायचं नाही. अगदी मध्यात असेल तर ज्याला चेंडू दिसला त्याने. ठेवणाऱ्याच्या हातात चेंडू येण्याआधी दोघांनी एकमेकांकडे एकदा बघायचं. ज्याची खात्री आहे तो ठाम उभा राहतो, ज्याची नाही तो दोन पावलं चालत चालत जुळवून घेतो. चालत, उडी मारून नाही. तुमच्या मुख्य पंचाने मधलं काढलं ते मात्र मला अजिबात पटलं नाही. एका जागी चेंडू होता असं तुम्ही म्हणता, दुसऱ्या जागी होता असं तो मुलगा म्हणतो. मधल्या जागी होता असं कोणीच म्हणत नव्हतं.

रेषेवरच्या भांडणाचं पत्रकातच बघा. टॅकलमध्ये गोल लाइनच्या, म्हणजे एंड झोन सुरू होतो त्या रेषेच्या, अलीकडच्या कडेला चेंडूचं टोक टेकलं की टचडाउन, अख्खा चेंडू पलीकडे जावा लागत नाही.

खेळाडू कडेबाहेर गेला तर तुम्ही जागचे हलू नका. चेंडू रेषा ओलांडून गेला तिथे पाय रोवा. गडगडत गेलेला चेंडू दुसरं कोणीतरी आणेल. नव्या पंचाला चेंडूमागे धावायची फार हौस असते. परत येतो तेव्हा स्पॉट हरवलेला असतो आणि हातात चेंडू मात्र असतो.

तुमच्या खेळात नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॅकलमध्ये पंट, म्हणजे उंच लाथेने मारलेला चेंडू, हवेतूनच कडेबाहेर गेला तर तो रेषा कुठे ओलांडून गेला हे कडेवाल्याला नीट कळत नाही, तो अगदी खाली असतो. रेफरी मारणाऱ्याच्या मागे असतो, त्याला चेंडूची अख्खी वाट दिसते. म्हणून कडेवाला मुद्दाम पुढे जातो आणि हात वर करून कडेकडेने रेफरीच्या दिशेने चालत येतो. रेफरीने हात उंच धरलेला असतो. कडेवाला त्या वाटेवर आला की रेफरी हात खाली मारतो. तिथे थांबायचं, तोच स्पॉट. लांबून बघणाऱ्याला वाटतं दोघं एकमेकांना निरोप देतायत. मला पंचांच्या सगळ्या मेकॅनिक्समध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींत, हे सर्वांत आवडायचं.

---

बोनस रेघ

मी कबड्डीचा पंच. आमच्याकडे मैदानावर एक सरपंच आणि दोन पंच, तेव्हा दोन बाजू जुळवायचं दुखणं ओळखीचं आहे. निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस तिच्यापुढे 1 मीटर. चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनसपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत, हे ठरवताना रेषेच्या सरळीत नसाल तर पाय नेहमी पलीकडे दिसतो. नव्या पोरांना मी सांगतो, चढाई बघत बसू नका, रेषा बघा, पाय आपोआप रेषेवर येतो. काका, तुम्ही फळीशी बसून हेच करत आलात की.

---

हिंजवडी फेज 3

एवढा खटाटोप कशाला? दोन ट्रायपॉड, दोन मोबाइल, मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना. वाद झाला की व्हिडिओ थांबवून बघायचा. एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, तर 10 यार्ड मोजायची साखळीसुद्धा काढून टाकली म्हणे, सगळं कॅमेऱ्यावर.

---

शुक्रवाररात्र

@हिंजवडी फेज 3, अर्धंच बरोबर आहे. 2025 च्या हंगामापासून एनएफएलने 10 यार्ड झाले की नाही हे मोजायला सोनीची हॉक-आय यंत्रणा आणली, खरं आहे. पण यंत्र मोजतं ते ठेवलेल्या चेंडूपासून. चेंडू ठेवतो माणूसच, त्याच कडेवाल्याच्या पायावरून. आणि साखळी गेलेली नाही, मैदानाच्या कडेला आधाराला उभी असते. टीव्हीवरची पिवळी रेघ 1998 पासून आहे. ती बघणाऱ्यांसाठी, पंचांना ती दिसतही नाही. माझ्या सासऱ्यांना हे पटवायला दोन हंगाम लागले. त्यांना वाटायचं गवतच रंगवतात.

मोजणीचं सूक्ष्मपण कुठपर्यंत जातं बघा. 17 डिसेंबर 2017, ओकलंडमध्ये काउबॉइज आणि रेडर्स या संघांचा सामना. साखळी आत आणली, चेंडू साखळीच्या टोकाच्या काठीला लागलाय की नाही ते डोळ्याला कळेना. रेफरी जीन स्टेराटोर यांनी खिशातलं कार्ड काढलं, दुमडलं, चेंडू आणि काठीच्या मध्ये धरून पाहिलं आणि फर्स्ट डाउन दिला. काउबॉइज 20-17 जिंकले. कार्डाच्या जाडीवर दुनिया आठवडाभर बोलत होती. पण तो चेंडू त्या जागी ठेवला कसा होता? एका माणसाने धावत येऊन, अंदाजाने पाय लावून.

आणि 26 जानेवारी 2025 चा बिल्स-चीफ्स सामना. चौथ्या क्वार्टरची सुरुवात, चौथा डाउन, 1 यार्ड हवा, बिल्स 22-21 पुढे. जॉश ॲलन चेंडू घेऊन ढिगाऱ्यात घुसला. दोन कडांवरून दोन पंच आत आले आणि दोघांचे स्पॉट जुळत नव्हते. मागचा धरला गेला. रिप्ले बघितला, तरी निर्णय तसाच राहिला, कारण इतक्या अंगांच्या खाली चेंडू कॅमेऱ्यालाही दिसत नव्हता. चीफ्स 32-29 जिंकले. काका, तुम्ही आणि तो आयटीवाला मुलगा, तुमची संगत बरी आहे म्हणायची.

तुमचे ट्रायपॉड लावायला हरकत नाही. पण मध्यरेषेवर लावाल तर मध्यरेषेचंच दिसेल. बाकीच्या 49 यार्डांवर तिरकं दिसणार, आणि तिरक्या कॅमेऱ्याचंही केळंच होतं.

---

तेहतीस फुटी

मी निवृत्त भूकरमापक. फुटबॉलमधलं कळत नाही. पण तुमची साखळी 10 यार्डांची, म्हणजे 30 फुटी, हे वाचून हसू आलं. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट. म्हणजे अमेरिकन माणूस जिवाच्या आकांताने जे कमावतो ते गुंठ्याच्या एका बाजूला 3 फूट कमी. सहज गणित केलं: त्यांचं पूर्ण मैदान 120 यार्ड बाय 53 यार्ड 1 फूट, म्हणजे जवळपास 53 गुंठे. बाणेरला आज एवढं कोणी खेळायला ठेवणार नाही.

आता कामाचं. काटकोनात वळा, सरळ आत जा, हे सगळं ठीक. पण सरळ कशाच्या? तुमच्या मैदानावर मध्ये रेघा आहेत का? नसतील तर पंच समोरच्या कडेची खूण बघून सरळ जाणार. त्या खुणा आखल्या कोणी, आणि काटकोन तपासला का? माझ्या नोकरीत दोन भाऊ बांधावरून डोकी फोडायला निघालेले असत, आणि मूळ दगडच सरकलेला निघे.

सोपी परीक्षा आहे. 70 बाय 25 यार्ड म्हणजे 210 बाय 75 फूट. दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक 223 फूट यायला हवा, इंचही इकडे तिकडे नको. एक मोठा आणि एक छोटा आला तर मैदान पत्त्यांच्या रिकाम्या डबीसारखं कललंय. दुरुस्तीला 9, 12 आणि 15 फुटांचे तीन भाग पडतील अशा गाठी मारलेली दोरी पुरते. कोपऱ्यावर ती त्रिकोणात ताणली की काटकोन हातात येतो.

---

खड्डापंच

मंडळी, अहवाल देतो.

शनिवारी संध्याकाळी 100 मीटरची फायबरची टेप घेऊन गेलो. पुतणी एक टोक धरायला आली, कुरकुर करत. पहिला कर्ण 224 फूट 10 इंच. दुसरा 221 फूट 1 इंच. तेहतीस फुटी साहेब, साष्टांग नमस्कार. एका कडेच्या सगळ्या खुणा दुसरीपेक्षा 2 फूट पुढे सरकलेल्या. मैदानावरचा माणूस शेजारच्या क्रिकेटच्या जाळीला समांतर फक्की मारत होता, आणि ती जाळी मुळात कशालाच समांतर नाही. त्याला दोष देत नाही, त्याला काटकोन कोणी मागितलाच नव्हता. दोरीला गाठी मारून अंधार पडेपर्यंत आम्ही चारही कोपरे बसवले, दर 5 यार्डांना दोन्ही कडांवर ठिपका दिला आणि मध्यरेषा आरपार आखली.

म्हणजे आमच्या दीड यार्डातले 2 फूट जमिनीचे होते. उरलेले अडीच फूट मात्र आमचे दोघांचेच, ते टेप कोणावर ढकलू देत नाही.

रविवारी सामन्याआधी तिघं जण बसलो. चढाईच्या बाजूचा पाय, असं ठरलं. आपापल्या अर्ध्या भागाचा स्पॉट आपला. मुख्य पंचाने मधलं काढायचं नाही, हे मी जरा जोरातच सांगितलं. त्या मुलाने विचारलं, "काका, समोरासमोर बघताना खात्री आहे हे दाखवायचं कसं?" मी म्हटलं छातीवर हात ठेवू. पहिल्या सामन्यात त्याने इतक्यांदा छातीवर हात ठेवला की एका प्रेक्षकाने त्याला बरं वाटत नाही का विचारलं.

कोपरा करायला वाटतं तेवढं सोपं नाही. पाय आपोआप तिरके आत ओढले जातात, खेळाकडे जावंसं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर एक युक्ती सापडली: कडेवरच्या ठिपक्यावर मी क्षणभर दोन्ही पाय जुळवतो, फळीशी उभा राहिल्यासारखा, आणि मगच वळतो. थोडा उशीर होतो. पण गवताची काडी धरून ठेवायची सवय लागली की उशिराचं काही वाटत नाही. एकदा तर खरंच सगळे एकीकडे भांडत होते आणि मी एका वाळक्या पानाकडे बघत उभा. शुक्रवाररात्र, तुम्ही म्हणालात ते वेडं दिसणं अनुभवलं.

खुणेसाठी जमिनीवर टाकायच्या पिशवीचा, म्हणजे बीन बॅगचा, प्रश्न घरीच सुटला. या खेळात धावून येणाऱ्या बचावपटूने स्पॉटपासून 7 यार्ड मागून सुरुवात करायची असते, म्हणजे दर डाउनला दोन खुणा हव्यात: एक चेंडूची, एक त्याची. सौ.ने दोन रंगांच्या ब्लाउजपीसच्या पिशव्या शिवल्या आणि आत कडवे वाल भरले. फेकली की जिथे पडेल तिथेच बसते, घरंगळत नाही. सामना संपल्यावर त्या परत कराव्या लागतात, वाल मोजून घेते की काय अशी शंका आहे.

दोन सामन्यांत आमच्या दोघांत हातभरापेक्षा जास्त फरक फक्त दोनदा पडला. एकदा मी चुकलो, चालत चालत जुळवून घेतलं. एकदा तो.

दुसऱ्या सामन्यात शेवटी पुतणीच्या संघाचा चौथा डाउन, मध्यरेषेला दोन हात कमी. चेंडू तिनेच पळवला, माझ्याच कडेने. फडकं निघालं तेव्हा चेंडू तिच्या पुढच्या हातात होता. मी कोपरा केला, आत गेलो, पाय लावला. मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे. समोरून त्या मुलाने तीच जागा धरली, छातीवर हात. चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला आणि तिचा संघ हरला.

स्कूटरवर विद्यापीठ चौकापर्यंत एक शब्द नाही. सिग्नलला म्हणाली, "चेंडू पुढच्या हातात होता, काका."

मी म्हटलं, "म्हणूनच वीतभर. नाहीतर हातभर कमी होतीस."

सिग्नल सुटला. घरी पोचल्यावर चहा न घेताच गेली. मंगळवारी मात्र मेसेज आला, शनिवारी संध्याकाळी मैदानावर नाणं टाकून सराव करायचाय का, टाकायला ती येईल.

शुक्रवाररात्र, तुम्ही कोथरूडहून बाणेरला रविवारी सकाळी 7 ला येऊ शकाल का? एक कडा रिकामी आहे. शर्टाचं फडकं व्हायच्या आत कळवा.

---

शुक्रवाररात्र

येतो. बायकोला सांगितलं, ती म्हणाली शर्ट आधी धुवायला टाक. वालाची एक पिशवी माझ्यासाठीही ठेवा, मोजून.